राखेची पट्टी

११ फेब्रुवारी २००७, अमरावती

अब्बांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर जोडून लावतात, तेवढंच. म्हणून ही वही मराठीत. घरात कुठंही पडली तरी चालेल.

उद्या चिखलदऱ्याकडे निघते. भगवंत राऊतच्या कॅम्पवर. मुलींच्या तुकडीला कडा चढायला शिकवणारी बाई हवी होती. मी अर्ज केला, नाव-आडनाव खरं लिहिलं. त्याचा फोन आला. 'ये' म्हणाला, आणखी काही नाही. आडनाव त्याला आठवलं नसेल असं होणार नाही.

जुबेर त्याच्या कड्यावरून पडला, त्याला दोन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ. दोर तुटला. पोलिसांसमोर भगवंत म्हणाला, दोर कॅम्पचा होता, जुना होता, मीच दिला, चूक माझी. एवढं बोलून तो सुटला. आपला जिल्हा कापसाचा. त्या हिवाळ्यात पेपरात मेलेल्यांना जागा पुरत नव्हती. जुबेरला चार ओळी मिळाल्या.

जुबेरचे स्वतःचे दोन दोर होते, एक लाल, एक निळा. त्या दिवशी तो लाल घेऊन गेला होता. भगवंत म्हणतो, तो मी त्याला पिशवीतच ठेवायला लावला. पिशवी घरी आली. लाल दोर आला नाही.

'मारा भी उसने, चोरी भी उसने की,' अब्बा म्हणतात. रोज म्हणतात. दुकान उघडताना बिस्मिल्लानंतर हेच.

संध्याकाळी दुकानात मला जवळ बसवलं. 'बेटी, तू वहाँ पढाने नहीं जा रही.'

'नाही.'

'फिर?'

'बघते काय करता येतं ते.'

'देखना मत. करना.'

१४ फेब्रुवारी

गिधाडकडा. गिधाडं गेली. काळ्या दगडावरून उतरलेले त्यांचे पांढरे ओघळ तेवढे राहिलेत. पायथ्याशी बांबूच्या तट्ट्यांची कोठी, तिच्यात सगळं सामान. दोन तंबू. चूल. खाली सागाचं जंगल, त्याच्याखाली नाला.

भगवंत पन्नाशीचा, वाळका. दर्यापूरचा. त्या मुलखात गोफणीत घालायला दगड मिळत नाही, आणि हा माणूस दगडावर चढायला शिकवतो.

'आली का? चा पेली?' असं म्हणाला. मग स्वयंपाकाच्या बाईला हाक मारून, 'मैनाबाई, हे शाइस्ता. आपल्या जुब्याची बहीण.'

जुब्या. हे नाव घ्यायचा हक्क त्याला कोणी दिला? घरातही आम्ही त्याला जुब्या म्हणत नव्हतो.

मी म्हटलं, 'सर, कामाला कधी लागू?'

'लागशीन. आधी खाऊन घे.'

२० फेब्रुवारी

मुली बऱ्या आहेत. दोघींना उंचीची भीती वाटते, त्या जास्त नीट शिकतात.

मैनाबाई कोरकू आहे, खालच्या पाड्यावरची. नवऱ्याबद्दल विचारलं तर 'हाय एक' म्हणते. कड्याच्या पूर्वेला मोहाची दोन झाडं तिच्या घराण्याची आहेत. कागदावर नाहीत, पण पाड्यात दुसरं कोणी त्यांच्याखाली वाकत नाही.

आज भाकरी थापताना तिनं माझी ओढणी धरली.

'एवढी भोकं काहून व? उंदरानं खाल्ली का?'

'उंदरानं नाही, तेजाबानं. आमचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. बॅटरीत ॲसिड भरताना अंगावर थेंब उडतात. कपड्याला लागलं की आधी काही दिसत नाही. धुतलं की भोक.'

'मंग उंदीर बरा. दिसते तरी.'

'आमच्या दुकानात उंदीर नाहीतच. तेजाब असलं की फिरकत नाहीत. म्हणून अब्बा चांगल्या वस्तू तिथंच ठेवतात. जुबेरचे दोर पण त्याच फळीवर असायचे.'

भगवंत चहा पीत होता. कप हातातच राहिला. माझ्या ओढणीकडे बघत बसला, मग उठून कड्याकडे निघून गेला. चहा तसाच.

भावाचं नाव निघालं की त्याला बसवत नाही. बरं आहे. रोज काढीन.

२६ फेब्रुवारी

काहीच केलं नाही. रोज सकाळी तो माझा दोर तपासतो, गाठ तपासतो, हाताची बोटं दोराच्या टोकापासून टोकापर्यंत फिरवतो, जपमाळेसारखी. तेव्हा इतका तपासला असता तर. हे मी आज त्याला तोंडावर म्हटलं.

'हो,' म्हणाला. 'तपासाले पायजे होता.'

भांडण होऊ देत नाही. या माणसाचा राग करायचा तर सगळं एकटीनंच करावं लागतं.

३ मार्च, अमरावती

होळीची सुटी. लाइट दिवसभर नव्हती. दुकानात गर्दी, सगळ्यांना इन्व्हर्टर हवा. दहावीच्या पोरांच्या आया रडकुंडीला आलेल्या. लोडशेडिंगनं आम्हाला पोसलं.

अब्बांनी फळीवरून निळा दोर काढला. बाटल्यांच्या मागून, कापडात गुंडाळलेला. तळहातांवर घेऊन आणला, जसं कोणी बाळ आणतं.

'दो साल से किसी को हाथ नहीं लगाने दिया. देख, एक धागा नहीं कटा. उस दिन मेरा बच्चा मेरे रखे हुए दोर पे चढता तो आज जिंदा होता.'

'हो.'

'तू इस पे चढ. उसके सामने चढ. उसको दिखा.'

मी दोर घेतला. हाताला जरा कोरडा लागला. दुकानाचा वास होता. जुबेरला पण हाच वास यायचा.

६ मार्च, कॅम्प



सकाळी मुलींसमोर मी निळा दोर काढला. म्हटलं, आज मी याच्यावर चढून दाखवते. हा माझ्या भावाचा आहे. भगवंतकडे बघूनच म्हटलं.

तो पळत आला. आधी कधी त्याला पळताना पाहिलं नव्हतं.

'हा नाई वापराचा.'

'का?'

'जुना हाय.'

'याच्यावर कोणी फारसं चढलेलं नाही, सर. घरात जपून ठेवलेला आहे.'

'तरी जुना हाय. दे इकडं.'

मी दिला नाही. त्यानं ओढून घेतला. मला वाटलं कोठीत टाकील. तो चुलीकडे गेला. भाताचं पातेलं बाजूला सारलं आणि दोर जाळात घातला.

मैनाबाई ओरडली, 'सर, भात! भाताले वास लागीन!'

नायलॉन जळताना थेंब थेंब गळतं. काळा धूर. मी धावले, बाहेर राहिलेला भाग ओढला, चाकूनं तोडला. तीनेक हात वाचला. तेवढा माझ्या पिशवीत आहे.

भगवंत म्हणाला, 'नवा देतो तुले. कॅम्पचा. कोरा.'

मुली बघत होत्या. मी रडले नाही.

एक त्यानं तोडला आणि एक जाळला.

७ मार्च

चिखलदऱ्याला जाऊन फोनच्या टपरीवरून अब्बांना सांगितलं. सांगायला नको होतं.  टपरीवाला मीटरकडे बघत होता. मग अब्बा म्हणाले, 'मैं नया लाऊंगा. तू सिर्फ ये बता, उसके पास जलने लायक क्या है?'

परत येताना रस्ताभर मी हिशेब लावला. घर नाही, बायको कधीच सोडून गेली, शेत भावाकडे. कोठी आहे. कोठीतले दोर, खिळे, दोन तंबू, वीस वर्षांचं सामान. आणि कडा.

१२ मार्च

पलीकडच्या डोंगराला वणवा लागला आहे. दिवसा धूर, सूर्य मातीच्या रंगाचा. यंदा थंडीतला पाऊस झालाच नाही. सागाची पानं इतकी वाळलीत की ससा धावला तरी माणूस आल्यासारखं वाटतं.

दुपारी पुंजाराम आला, इथला वनरक्षक. फटफटी बंद न करताच बोलतो.

'सर, आग तिकडून नाल्यानं आली तर सरळ तुमच्या कड्याले लागते. जाळरेषा घ्या. मले मानसं नाईत. तुमचं तुमी करा.'

जाळरेषा म्हणजे आग येण्याआधीच एक रुंद पट्टी झाडून, जाळून मोकळी करायची. आग तिथं आली की तिला खायला काही मिळत नाही, ती मरते.

मग तो मैनाबाईकडे वळला. 'आन तू. मोहाखाली काडी लावली तं माह्याशी गाठ हाय.'

इथं सगळ्या बाया फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाचोळा जाळतात. स्वच्छ जमीन केली की फुलं वेचता येतात. मैनाबाई हे पहाटे करते, ओल्या डहाळ्या हातात घेऊन, शेवटची ठिणगी विझेपर्यंत हलत नाही.

'मंग फुलं काय पाचोळ्यातून वेचू?' ती म्हणाली. 'तुह्या बायकोले पाठव वेचाले.'

'कायदा हाय, बाई.'

'कायद्याले सांग, मोहाचं झाड माह्या सासूच्या सासूचं हाय.'

पुंजाराम हसला. दोन भाकरी खाऊन गेला.

भगवंतनं काम वाटलं. पश्चिम त्याची आणि मजुरांची. 'पूर्वेची पट्टी शाइस्ता करते,' म्हणाला. 'तिच्या कामात पाहाले लागत नाई.'

१५ मार्च

लिहून ठेवते. कोणीतरी हे कधीतरी कबूल केलेलं असावं, निदान कागदावर.

पूर्वेची पट्टी नाल्याकडच्या उताराला आडवी. मुलींना घेऊन सकाळपासून झाडली, जाळली. चांगली काळी झाली. मुलींना जेवायला पाठवलं. मग मधला एक तुकडा, दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढा, मी न जाळता सोडला होता तिथं गेले. आजूबाजूची राख टोपल्यानं आणली आणि पाचोळ्यावर पसरली. हातानं, पापडावर पीठ भुरभुरतात तशी. लांबून बघितलं. सगळी पट्टी एकसारखी काळी.

त्या तुकड्याच्या सरळ वर कोठी आहे. कोठीच्या वर कडा. कड्याच्या भेगांतलं गवत, झुडपं, सगळं वाळलेलं. तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात हे त्यानंच शिकवलं. दगडात ठोकलेले खिळे ढिले होतात. कडा पुन्हा कोणाच्या कामाचा राहत नाही.

मी आग लावलेली नाही. आली तर तिला वाट ठेवली आहे. आली नाही तर नाही. तेवढं अल्लावर.

मैनाबाईची मोहाची झाडं पट्टीच्या आत आहेत, पण एका अंगाला. आग सरळ वर जाते. उताराला आग सरळच जाते.

१६ मार्च

भगवंत पट्टीवरून डोळे फिरवून आला. लांबूनच. 'मस्त,' म्हणाला.

मला वाटलं होतं आनंद होईल. भूक लागली फक्त.

१८ मार्च

धूर जवळ आला आहे. पाडव्यासाठी मुली घरी गेल्या. मीच त्यांना लवकर पाठवलं. हे चांगलं केलं की नाही, कोणी विचारणार नाही.

मोह गळायला लागला. मैनाबाईनं मला मूठभर ओली फुलं दिली. 'खा. जास्त खाऊ नको, मंग नाचशीन.' गोड आणि जड वास. झाडाखालच्या स्वच्छ जमिनीवर तिनं फुलं वाळत पसरली आहेत, दोन चादरींएवढी.

दुपारी टोपलं घेऊन पट्टीकडे निघाले होते. तुकडा जाळून टाकावा म्हणून. अर्ध्या वाटेत निळ्या दोराचे गळणारे थेंब आठवले. परत फिरले.

२० मार्च

आली.

दुपारी वारा नाल्यातून वर फिरला. आधी आवाज. बांबू फुटतात, लग्नात फटाक्यांची माळ लावावी तसे. मग नाल्याच्या काठावर एक रांग, माणसाच्या कमरेएवढी. पश्चिमेच्या पट्टीपाशी ती थांबली. खरंच थांबली, खाली बसली, धूर झाली. मी कोठीजवळ ओलं पोतं हातात घेऊन उभी होते. भगवंत कड्याच्या माथ्यावर दोर बांधून खिळे तपासत होता.

पूर्वेला ती काळ्यावर आली, थांबली. मग मधोमध राखेतून धूर उठला. राखेखालून. माझ्या तुकड्यातून ती आत शिरली.

सरळ वर यायला हवी होती. तिथं वारा कड्याला आपटून फिरतो, हे मला ठाऊक नव्हतं. ती आडवी वळली, मोहाकडे.

मैनाबाई तिथंच होती. धूर बघून वाळवलेली फुलं गोळा करायला गेली होती. ओच्यात भरत होती. मी ओरडले. आगीचा आवाज इतका असतो की स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही.

वरून भगवंतनं पाहिलं असणार. तो दोरावरून उतरला नाही, घसरला. उघड्या हातांनी, सगळी उंची. खाली आला तेव्हा दोरावर लाल होतं. तसाच धुरात गेला. मी त्याच्यामागे गेले. एवढं खरं लिहिते, उशिरा गेले.

मैनाबाईचं लुगडं पेटलं होतं. त्यानं तळहातांनी विझवलं. त्याच हातांनी. ती ओचा सोडत नव्हती. तो ओरडत होता, 'टाक! फुलं टाक व माय!' मी ओलं पोतं तिच्यावर टाकलं आणि आम्ही तिघं दगडांच्या मोकळ्या जागेत येऊन पडलो.

मग आग कोठीकडे गेली. मग कड्यावर. वरची झुडपं एकेक करून पेटली. दगड तडकले, पापुद्रे खाली आले. गिधाडांचे ओघळ काळे झाले.

मी मागितलं ते सगळं झालं.

२१ मार्च

मैनाबाईचा एक पाय पोटरीपर्यंत भाजला. उभी राहते. झाडं मरणार नाहीत, म्हणते, पण यंदाचा बहर गेला. जवळ बसले तर तोंड फिरवलं. तिला काही माहीत नाही, तरी फिरवलं.

भगवंतचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. परतवाड्याच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले, बोटं मिटतील की नाही ते पुढं कळेल.

पुंजाराम आला. आज त्यानं फटफटी बंद केली. मोहाखालची जळकी जमीन बघितली आणि मैनाबाईला म्हणाला, 'सांगतलं होतं का नाई तुले? आता केस होईन. तुह्या काडीनं गेलं हे सगळं.'

'माही काडी चार रोज आधी विझली.'

'विझली असं सगळेच म्हणतात.'

मी तिथंच होते. तोंड उघडलं नाही.

२२ मार्च

पाणी आणायला खालच्या विहिरीवर गेले. बादलीचा दोर कोठीत जळाला. पिशवीतला निळा तुकडा आठवला, त्याला सुतळी जोडून लांब केला. बादली भरली, ओढली. निम्म्यावर हातात हलकं लागलं. बादली खाली.

वाटलं, सुतळीची गाठ सुटली. ती नीट होती. निळा दोर तुटला होता. मधोमध. जिथं चुलीची धग लागली नव्हती, चाकू लागला नव्हता तिथं.

विहिरीच्या काठावर बसून तो दोन्ही हातांनी ओढला. वरचं कापड धड, निळं, चकचकीत. आतले धागे पिवळसर. ओढलं की सुटत गेले, शीरखुर्म्यात भिजलेल्या शेवईसारखे. पुन्हा ओढला. पुन्हा तुटला. जोर लागत नव्हता.

ओढणी मांडीवर होती. भोकांच्या कडा पिवळ्या.

लाल दोरही तेजाबाच्या त्याच फळीवर होता. निळ्याच्या शेजारी. अब्बांनी तिथं ठेवला, कारण तिथं उंदीर येत नाहीत.

बादली विहिरीतच आहे.

२३ मार्च

दवाखान्यात गेले. भगवंत पडून होता, हात उशांवर. नर्स चहा पाजत होती. मी कप घेतला.

तुकडे त्याच्यासमोर ठेवले.

त्यानं बघितलं. 'तुकडा तू काढून घेतला होता, हे माह्या ध्यानातच नाई राह्यलं.'

'लाल कुठं आहे?'

'जाळला. त्याच रोजी. पोलीस यायच्या आधी. तुटला तो तोच होता. त्याच्या जागी कॅम्पचा एक जुना तोडून ठेवला.'

'मला सांगायचं होतं. निदान मला.'

'तुह्या अब्बाचं वय काय आता?'

'बाहत्तर.'

'मंग.'

चहा संपला. मला जाता येईना. तो छताकडे बघत म्हणाला, 'पुंजाराम सकाळी आल्ता. म्या लिहून देलं. पूर्वेची पट्टी माही होती, मधात कच्ची राह्यली. मैनाबाईचा काई संबंध नाई.'

'पट्टी माझी होती.'

'हो ना. मले नेताना तिथूनच नेलं. कडंनं थोडी राह्यली होती. वरून राख, खालून पानं.' थोडा थांबला. 'बारीक काम केलं तू. जुब्या धसमुसळा होता. त्याले नसतं जमलं.'

हे कौतुक होतं की शिवी, मला कळलं नाही. त्याच्या तोंडावर दोन्हीतलं काही नव्हतं. रागवला असता तर मला धरायला काही मिळालं असतं. मी त्याच्यावर दोन वर्षं जगले. आता मी कोणावर जगू?

'कडा?' मी विचारलं.

'परवानगी जाईन. खिळेही गेले. कडा काय, राहीन तिथंच. मानसं नाई चढनार.'

बाहेर आले तेव्हा लक्षात आलं, माफी मागितली नाही. परत गेले. तो झोपला होता, की तसं दाखवत होता.

२४ मार्च

वनखात्याच्या नाक्यावर जाऊन पुंजारामला सांगितलं. सगळं, राखेसकट.

त्यानं मला बसायला स्टूल दिलं. 'मॅडम, सरांनी सही देली. आता बोटं चालत नाईत तं अंगठा टेकवला त्यायनं, पट्टीवरूनच. तुमी काहून मधात पडता? दोघंदोघं कबूल कराले लागले तं मी कोनाचं लिहू?'

'माझं लिहा.'

'साहेब इचारतीन, बाईनं काहून केलं. काय सांगू?'

त्याला उत्तर द्यायचं तर जुबेर सांगावा लागतो. जुबेर सांगायचा तर दोर. दोर सांगितला की तो कागद अमरावतीला जातो, पेपरात येतो, कोणीतरी दुकानात येऊन अब्बांना वाचून दाखवतं.

मी उठले. पुंजाराम म्हणाला, 'पानी तं पिऊन जा.'

मग मैनाबाईकडे. पाड्यात, तिच्या दारात. तिला सांगितलं. तिथं दोर मध्ये आणावा लागला नाही.

तिनं ऐकलं. भाजलेला पाय पुढं सोडून बसली होती, त्यावर कसला तरी पाला लावलेला.

'सरावर राग होता?'

'हो.'

'मंग सराले मारतं. दगड होते, चाकू होता. माह्या मोहानं तुहं काय केलं होतं?'

तिनं पायावरचा पाला नीट दाबला.

'तुले फुलं खाऊ घातली म्या,' ती म्हणाली. 'चाल, ऊठ. माह्या दारातून ऊठ.'

उठले. पाड्याच्या टोकापर्यंत कुत्री मागे होती. मैनाबाई रागावली, हे तिचे उपकार.

२८ मार्च, अमरावती

अब्बा दुकानाच्या पायरीवर वाट बघत होते. बसची वेळ झाली, तेव्हापासून उभे असावेत. पेपरातली बातमी त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याकडून वाचून घेतली होती.

'जला?'

'जळलं.'

'सब?'

'सगळं. कोठी, सामान, कडा.'

'और वो?'

'हात भाजले.'

'दोनों?'

'दोन्ही.'

'अब चढेगा नहीं.'

'नाही, अब्बा.'

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. बराच वेळ. दोन वर्षांत त्यांचा चेहरा इतका सैल मी पाहिला नव्हता. मग त्यांनी चष्मेवाल्याला हाक मारून तीन चहा सांगितले आणि म्हणाले, 'मेरी बेटी ने किया.' तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा काहीही बोलतो.

लाइट गेली. कोणाचा तरी इन्व्हर्टर कुईं करून सुरू झाला. अब्बा आत गेले. तेजाबाच्या बाटल्या सरकवल्याचा आवाज आला. त्या आवाजावरूनच मला कळलं.

नवा दोर. पिवळा. पुण्याहून कोणाकडून तरी मागवलेला, कापडात गुंडाळलेला.

'तेरा फोन आया, उसी हफ्ते मंगाया. तब से वहीं रखा है, संभाल के. वहाँ चूहे नहीं आते.'

त्यांनी तो माझ्या खांद्यावर घातला, जुबेरच्या घालायचे तसा, डोक्यातून तिरका. वेटोळी नीट बसवली. दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

'खींच के देख, कितना मजबूत है.'

'बघते,' मी म्हटलं.

चहा आला. मी खांद्यावरचा दोर उतरवला नाही. अब्बांसमोर ओढूनही पाहिला नाही.